मनीचा वाटा

आमच्या घरी सकाळी सर्वांत आधी कोणाचे पान वाढले जाते, असे कुणी विचारले तर खरे उत्तर द्यावयास मला अजूनही थोडा संकोच वाटतो. देवाचा नैवेद्य नंतर, यांचा चहा नंतर, माझा तर त्याहूनही नंतर. पहिले पान मनीचे. पान म्हणजे एक चेपलेली स्टीलची ताटली. ती स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार झालेली आहे आणि मागच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली तिचे ठाणे आहे.

साडेपाचला मनी उशाशी येऊन बसते. ओरडत नाही, नखे लावत नाही, नुसती घुरघुरते. पण त्या घुरघुरीत असे काही तरी मिसळलेले असते की अंथरुणात पडून राहणे अशक्य होते. पुष्कळ वर्षे मला वाटे, हा माझ्याच मनाचा दुबळेपणा. मग वाचनात आले की इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातील कॅरेन मॅकोम्ब या बाईंनी २००९ साली मांजरांची घुरघुर ध्वनिमुद्रित करून तपासली. भुकेले मांजर माणसापाशी घुरघुरते तेव्हा नेहमीच्या खर्जात ते एक बारीक, वरच्या पट्टीतला सूर मिसळते, आणि तो सूर तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या जवळपासचा असतो. ज्यांनी जन्मात मांजर पाळले नाही त्यांनासुद्धा तो ऐकून वाटते की काही तरी तातडीचे आहे. म्हणजे पाहा, दोन मुलांसाठी रात्री-अपरात्री उठलेल्या बाईला मनीने बरोबर हेरले होते! हे वाचल्यावर मला तिचा राग आला, आणि राग आलेला असतानाच मी उठून तिची ताटली भरली. मांजराला खाऊ घालण्याचा सारा मामला हा असा आहे.

मनी आमच्याकडे आली ती २००९ च्याच जुलैत, मुलीच्या रेनकोटाच्या खिशातून. मुलगी आठवीत होती. “आई, फक्त पाऊस थांबेपर्यंत,” असा करार झाला. पार्ल्याचा पाऊस यथाकाल थांबला. कराराची आठवण मात्र कोणी काढली नाही.

आमचे घर शाकाहारी. शाकाहारी म्हणजे नुसते मांस-मासळी न खाणारे नव्हे. अंड्याचा केकसुद्धा बाहेरच्या बाहेर खाऊन यावा आणि घरी त्याचा विषय काढू नये, अशा बेताचे. सासूबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या. त्यांचे माहेर पुण्यातले, वाड्यातले. तिथे धान्याच्या कोठीपायी दोन मांजरे कायमची असत आणि ती दूधभातावर गुबगुबीत झालेली होती, असा त्यांचा दावा. (कोठीच्या आत ती मांजरे काय खात होती, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नाही.) तेव्हा मनीलाही दूधभात सुरू झाला. सासूबाई मायेने त्यात चिमूटभर साखर घालीत.

चौथ्या दिवशी तिचे पोट बिघडले. पंधरा दिवसांत पाठीचा कणा हाताला लागू लागला. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली, तर ते अगदी कोवळे पोरगे. “काय घालता?” त्यांनी विचारले.

“दूधभात.”

“आणि?”

“आणि वर थोडं तूप.”

त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. “काकू, मांजर म्हणजे लहान वाघ. वाघाला तुम्ही दूधभात घालाल का?”

सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “वाघाला मी घरातच घेणार नाही.”

डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितले ते पुढे मी वाचून पडताळून पाहिले. शाळेत विज्ञान शिकविण्यात आयुष्य गेले, खोड जाते कुठे! कुत्रा भाकरीवर तग धरील. मांजर धरणार नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य आहे. माणसाचे शरीर ते स्वतः तयार करते. मांजराच्या शरीराला ते पुरेसे करता येत नाही, आणि धान्या-भाज्यांत ते जवळजवळ नसतेच. मांस-मासळीतून मिळेल तेवढेच. टॉरिनवाचून मांजराच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजतो, हे १९७५ साली अमेरिकेत दिसून आले. मग १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी दाखविले की त्याच्याच अभावी मांजराचे हृदय पसरट आणि दुबळे होते, आणि टॉरिन दिले की ते सुधारूही शकते. तोवर विलायती डबाबंद खाऊ खाणारी मांजरेसुद्धा पोटभर जेवून या दुखण्याने जात होती. आपण गाजर खाऊन ‘अ’ जीवनसत्त्व करून घेतो. मांजराला तेही साधत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आणि साखरेचे म्हणाल, तर फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली सिद्ध केले की गोडाची चव ओळखविणारे एक जनुक या साऱ्या वंशातच निकामी झालेले आहे, वाघ-चित्त्यांपासून मनीपर्यंत. सासूबाईंची ती चिमूटभर माया मनीच्या जिभेपर्यंत कधी पोहोचलीच नव्हती.

घरात तीन दिवस कोणी या विषयावर बोलले नाही. मुलगी रडून झोपायची. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचे. चौथ्या दिवशी सासूबाईंनी पूजा आटोपली आणि मला हाक मारली. “ती मांजर आहे,” त्या म्हणाल्या. “तिचं पाप तिला नाही. तुझ्या हातून शिजेल ते कुणाचं, ते तुझं तू ठरव.” ही परवानगी होती की शाप, हे मला आजतागायत नीटसे उलगडलेले नाही.

मागच्या बाल्कनीत विजेची एक लहान शेगडी आली. एक पातेले, एक चमचा, एक चिमटा. तिन्हींवर लाल रंगाचा ठिपका, चुकून आत येऊ नयेत म्हणून. राहता राहिली मासळी. वेसाव्याची एक कोळीण आमच्या इमारतीत आठवड्यातून दोनदा येई. इतर दारांशी तिची टोपली उतरे. आमच्या दारावरून मात्र ती सरळ पुढे जाई. त्या दिवशी मी दार किलकिले करून तिला हाक मारली तेव्हा ती म्हणाली, “ताई, चुकून बोलावलंस की काय?”

“मांजरासाठी हवंय,” मी जिन्याकडे बघत, हळू आवाजात म्हटले. जणू काही शेजारी ऐकतील आणि माझी नोकरी जाईल!

तिने मांदेलीचा एक वाटा काढून मांडला. मांदेली दिसायला फार सुंदर, सोन्याच्या पातळ पत्र्यासारखी. काय करावे ते सुचेना म्हणून मी सवयीने भाव केला. ती हसली. “मुक्या तोंडचा घास, त्यालाही भाव करतेस?” मी निमूटपणे मागितले तेवढे पैसे दिले.

ती पहिली मांदेली मी नाकाला पदर बांधून, चिमट्याने धरून धुतली. प्रत्येकीचा डोळा उघडा. पातेल्याला वाफ आली तशी मला मळमळू लागले. मग ताटली खाली ठेवली. मनीने मान खाली घातली ती ताटली लख्ख करूनच वर केली, आणि मग माझ्या पायाला अंग घासत तीन प्रदक्षिणा केल्या. त्या क्षणी मला जे वाटले ते एका शब्दात सांगता येत नाही. किळस होती, अपराधीपणा होता, आणि या दोन्हींच्या खाली, लेकरू पोटभर जेवल्यावर आईला वाटते ते साधेसरळ सुख होते. हाताला लिंबू चोळचोळ चोळले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून व्यवस्थित जाऊ लागले, आणि खरे सांगायचे तर त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

हे सगळे पाहणारे आणखी एक माणूस घरात होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई रत्नागिरीकडच्या, मासळीवर वाढलेल्या. माझी चिमट्याची कसरत दोन दिवस पाहून त्यांनी पातेले माझ्या हातातून काढून घेतले आणि पाच मिनिटांत वाटा साफ केला. फोडणीला कांदा-लसूण घालू का, असेही विचारले. तेव्हा मला सांगावे लागले की कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विषासारखा, नुसती उकडायची. आणि उकडल्याचे पाणीसुद्धा टाकायचे नाही, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरते. “म्हणजे सारसुद्धा तिलाच,” बाई म्हणाल्या, आणि मग, माझ्याकडे न पाहता, “मनीचं नशीब बाई. माझा धाकटा मांदेली-मांदेली करतो, पण हल्ली परवडत नाही.”

मी शरमले. पुढच्या खेपेस त्यातली मूठभर मांदेली त्यांच्यापुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. “मांजराच्या वाट्यातलं नको, ताई.” किती बरोबर होते ते! मला मात्र ऐकून घेईपर्यंत कळले नव्हते. त्यानंतर मासळी साफ करण्याचे पैसे पगारावर वेगळे ठरले. त्या पैशाचे त्यांनी काय करावे हे त्यांचे त्या पाहत. तरीही, मनीची ताटली भरलेली असताना त्या बाल्कनीत केर काढायला आल्या की मी आजही काही तरी निमित्त काढून आत जाते. मांजर पाळणाऱ्या घरांत ही गोष्ट कोणी बोलत नाही, पण आहे.

दिवस असे चालले होते. जून-जुलैत मासेमारीला बंदी, तेव्हा दुकानातला खाऊ. एरवी मांदेली, कधी बांगड्याचा तुकडा. नुसत्या मासळीवरही मांजर ठेवू नये, म्हणून अधूनमधून दुकानातला खाऊ असतच असे. सासूबाई बाल्कनीचे दार लावून घेत, पण मनी जेवून आली की “जेवलीस का गं?” असे विचारल्यावाचून राहत नसत.

मग २०२० चा मार्च उजाडला. २५ तारखेपासून देश बंद. कोळीण येईना, मनीचा खाऊ मिळणारे दुकान उघडेना, कामाच्या बाई त्यांच्या घरी अडकलेल्या. पाचव्या दिवशी डबा खडखडला. मी दूधभात कालवून ठेवला. मनीने हुंगला, आणि मागच्या पायाने माती ओढल्यासारखे करून निघून गेली. त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, “खाली वाण्याकडे अंडी मिळतायत म्हणे.” मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यात हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. “बघतेस काय? उकडून घाल. मुकं जनावर घरात उपाशी ठेवून मी देवापुढे दिवा कसा लावू?”

अंडे उकडले. मनीने थोडे चाटले, सोडून दिले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला काळजी लागली. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतते, हे मी वाचले होते. पण मनी काही वाळेना! उलट अंगावर तकाकी. शेवटी उलगडा केला सासूबाईंनीच. बाल्कनीत जप करीत बसल्या असताना त्यांनी पाहिले. “तुझी मनी वरच्या मजल्यावर जेवायला जाते,” त्यांनी जाहीर केले.

वरच्या मजल्यावर अण्णा राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले. पत्नी २०१७ साली गेल्या, मुलगा परदेशी. घरात सुक्या बोंबलाची मोठी बरणी. मनी तिथे, चौकशी केल्यावर कळले, निदान दोन वर्षे जात होती आणि तिथे तिचे नाव सुंदरी होते. खाली चौकीदाराच्या खोलीत ती बिस्किटाचा चुरा खाई व बिल्लो या नावाला ओ देई. मांजर पिल्ले घेऊन सात घरे फिरते म्हणतात. आमची बिनपिल्लांचीच तीन घरे सांभाळून होती.

मला हायसे वाटले. आणि मला अतिशय वाईट वाटले. त्या पातेल्यापायी मी सासूबाईंची नाराजी पत्करली, हात लिंबाने सोलवटून घेतले, बाईंपुढे खजील झाले. आणि ही वर जाऊन सुंदरी होत होती! टाळेबंदीत साऱ्या इमारतीत एकमेकांकडे जायची मुभा फक्त तिला होती. खिडकीतून अण्णांची हाक ऐकू येई, “सुंदरी, चल जेवायला,” आणि मग बराच वेळ ते तिच्याशी बोलत असलेले. दिवसभरात त्यांचा तेवढाच आवाज ऐकू येई. तो ऐकल्यावर माझी असूया जरा ओशाळली. गेली असे मात्र मी म्हणणार नाही.

सासूबाई २०२२ साली गेल्या. शेवटचा महिना त्यांचे अन्न तुटले होते. मी पेज घेऊन बसे, चमचा ओठांशी नेई, “एवढा एकच घास” म्हणे. एके दुपारी त्यांनी माझा हात धरला. “मनी तोंड फिरवते तेव्हा तू ताटली उचलतेस ना? मग मलाच का गं छळतेस?” मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. तरी संध्याकाळी पुन्हा चमचा घेऊन बसलेच. समोरचे माणूस जेवले नाही की आपल्या हातांना काय करावे तेच कळत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात मनी फार पाणी पिऊ लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले. तेच डॉक्टर; आता कानशिलाचे केस पिकलेले. मूत्रपिंडे थकली आहेत, म्हणाले. म्हाताऱ्या मांजरांत हे दुखणे फार. मांजराची जात मूळची कोरड्या मुलखातली, तिथल्या रानमांजरापासून आलेली. पाणी मुळात कमी प्यायचे आणि जे मिळेल ते मूत्रपिंडांनी आटवून वापरायचे, असा तिचा संसार. आता यापुढे फॉस्फरस कमी असलेला खास खाऊ. सुके बोंबील? पूर्ण बंद.

अण्णांकडे जाऊन हे सांगायचे काम माझे. त्यांचे दार उघडेच होते. मनी त्यांच्या आरामखुर्चीवर, ते स्वतः स्टुलावर. मी सगळे नीट समजावून सांगितले, शाळेत सांगावे तसे. त्यांनी ऐकून घेतले. मग उठून फडताळातली बोंबलाची बरणी काढली आणि झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिली. “तुम्हीच ठेवा,” म्हणाले. “इथं राहिली तर माझ्याच्यानं नाही म्हणवणार नाही.” मी, सात पिढ्यांत मासळीला न शिवलेल्या घरची सून, सुक्या बोंबलाची बरणी उराशी धरून जिना उतरले. बाल्कनीत ठेवली. त्या संध्याकाळी “सुंदरी” ही हाक आली नाही.

खास खाऊ मनीला पसंत पडला नाही. पहिला दिवस, दुसरा दिवस. डॉक्टरांनी सुई नसलेली पिचकारी दिली होती. खाऊ पातळ करून गालफडातून सोडायचा. मी तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले. दोनदा जमले. तिसऱ्यांदा तिने तोंड फिरवले. ओरबाडले नाही, ओरडली नाही. फक्त तोंड फिरवले आणि भिंतीकडे बघत राहिली. मला सासूबाईंचा हात मनगटावर जाणवला. मी पिचकारी खाली ठेवली आणि डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “काकू, न खाण्यापेक्षा काहीही खाल्लेलं बरं. तिला जे आवडतं ते चवीपुरतं वर घाला. अगदी चवीपुरतं.” हे त्यांनी आधीच सांगितले असते तर! पण मीही आधी विचारले नव्हते. नियम मिळाला की मला बरे वाटते.

बरणी घेऊन मी पुन्हा वर गेले. “अण्णा, चिमूटभर भाजून, कुटून, तिच्या खाऊवर घालायचं आहे. मला भाजता येत नाही.” अण्णांनी काही विचारले नाही. तवा ठेवला. तेव्हापासून व्यवस्था अशी, की सकाळचे पान आमच्याकडे, संध्याकाळचे वर. खाऊ मोजून मी पाठवते, वरची चिमूट अण्णांची. ती चिमूट कधी कधी मोठी असावी, अशी मला शंका आहे. तिच्या मिश्यांना येणारा वास चिमटीचा नव्हे. मी विचारलेले नाही.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे फराळाचे ताट घेऊन वर गेले. मनीला आता सोळावे लागले होते. जिना चढताना ती मध्ये दोनदा बसली. अण्णांकडे आकाशकंदील नव्हता, पण देवापुढे दिवा होता. मनीने ताटाजवळ येऊन लाडू हुंगला आणि दगड हुंगावा तसा सोडून दिला. चकलीपाशी मात्र लोण्याच्या वासाने थबकली. अण्णा हसले. त्यांनी तिची ताटली भरली, ठेवली. तिने पाहिले आणि मान वळवली.

“हातावर खाते हल्ली,” अण्णा म्हणाले. “ताटलीतलं नाही खात.” त्यांचा हात मात्र त्या दिवशी भाजला होता, पणती लावताना तेल सांडले होते, बोटांना पट्टी होती. बरणी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. पंधरा वर्षांत चिमट्या-चमच्यावाचून मी मासळीला बोट लावलेले नव्हते. नुकतीच अभ्यंगस्नान करून आलेली. हाताला उटण्याचा वास येत होता. मी चिमूट घेतली, खाऊत मिसळली, आणि तळहात खाली नेला. मनीची जीभ अगदी कानशीसारखी खरखरीत लागली. तिने तळहात पुसून काढला आणि वर पाहिले.

अण्णांनी डाव्या हाताने लिंबाची फोड पुढे केली.

“राहू द्या,” मी म्हटले. “आधी आणखी एक चिमूट काढा.”